ठिसूळ राळेस चिवटपणा कसा येतो

विमानाच्या दुरुस्तीशाळेंत कामगाराच्या हातांतून पाना निसटून पंखावर पडला, तर ॲल्युमिनियमच्या पंखास पोचा येतो आणि तो कोणाच्याहि दृष्टीस पडतो. पंख कर्बतंतु व राळ यांच्या मिश्रद्रव्याचा असेल, तर वरून कदाचित् कांहींच दिसत नाहीं. परंतु आंतले थर एकमेकांपासून सुटलेले असूं शकतात. ही न दिसणारी इजा हीच या द्रव्याविषयींची मोठी चिंता होय. २०११ सालीं प्रवासी वाहतुकीस आलेल्या बोइंग ७८७ या विमानाच्या सांगाड्याचा, वजनानें पाहतां, सुमारें निम्मा भाग अशा मिश्रद्रव्यांचा आहे. वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्यांचीं लांबलचक पातींहि राळ व तंतु यांचींच केलेलीं असतात. तेव्हां राळेचा ठिसूळपणा हा केवळ प्रयोगशाळेपुरता प्रश्न राहिलेला नाहीं.

या द्रव्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. केसाहूनहि बारीक असे कर्बाचे किंवा कांचेचे तंतु ताण सोसतात, आणि त्यांना एकत्र धरून ठेवण्याचें काम राळ करते. या कामीं एपॉक्सी नांवाची राळ विशेषेंकरून वापरतात. घट्ट होतांना तिचे रेणु जाळ्याप्रमाणें एकमेकांत गुंफले जातात. त्यामुळें ती ताठ राहते व उष्णताहि सोसते. परंतु त्याच जाळ्यामुळें ती फारशी ताणली जात नाहीं, आणि एकदां भेग सुरू झाली कीं ती सहज पुढें धांवते.

भेगेचें गणित इंग्रज संशोधक ए. ए. ग्रिफिथ यांनीं १९२० सालीं कांचेवरील प्रयोगांच्या आधारें मांडलें. भेग वाढली कीं पदार्थांत सांठलेली शक्ति मोकळी होते, आणि नवे पृष्ठभाग उत्पन्न करण्यांत शक्ति खर्च होते. जमेची बाजू खर्चाहून वरचढ झाली कीं भेग आपोआप वाढूं लागते. उपाय याच हिशेबांत आहे: भेगेला पुढें सरकण्यासाठीं अधिक खर्च करावयास लावावें.

पूर्वीचा उपाय रबराचा. राळेंत रबराचे सूक्ष्म गोळे विखुरले असतां ती चिवट होते. पण तिचा ताठपणा कमी होतो आणि पुष्कळदां उष्णता सोसण्याची शक्तीहि घटते. म्हणून संशोधकांचें लक्ष सिलिकाकडे वळलें. वाळू मुख्यतः ज्या द्रव्याची बनलेली असते तेंच हें. त्याचे सुमारें २० नॅनोमीटर व्यासाचे कण तयार करतां येतात. असे ५०,००० कण एका रांगेंत मांडले तर एक मिलिमीटर भरेल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, घनफळाच्या शेंकडा १३ या प्रमाणांत हे कण मिसळल्यावर एपॉक्सीची एक चौरस मीटर भेग पाडण्यास लागणारी शक्ति सुमारें १०० ज्यूलवरून ४६० ज्यूलपर्यंत वाढली. ताठपणा वाढला, आणि राळ मऊ पडण्याचें तपमानहि घसरलें नाहीं.

हे कण भेगेच्या वाटेंत धोंड्यांसारखे आडवे येत असतील, असें प्रथम वाटतें. परंतु भेगेच्या टोंकाची फट या कणांपेक्षां कितीतरी मोठी असते. एवढासा कण तिला अडविणार कसा? घडतें तें निराळेंच. भेग जवळ येऊं लागली कीं तिच्या पुढील ताणानें कणांभोंवतालची राळ कणांपासून सुटते आणि तेथें सूक्ष्म पोकळ्या होतात. पोकळ्या झाल्या कीं त्यांच्या सभोंवतींची राळ, जी एरव्हीं ताणली जात नसे, ती ताणली जाऊन आकार बदलते. अशा असंख्य ठिकाणीं भेगेची शक्ति खर्चीं पडते.

मात्र हे कण एकेकटे राहिले पाहिजेत. पिठल्यांत बेसनाच्या गुठळ्या व्हाव्या तशी इतकी बारीक पूड राळेंत गोळा होते, आणि मोठी गुठळी हेंच पुढें भेगेचें उगमस्थान बनतें. यास्तव कण कोरडी पूड म्हणून न टाकतां द्रवांतच वाढवितात, त्यांच्या पृष्ठभागावर राळेशीं जुळणारें रासायनिक वेष्टन चढवितात आणि मग ते राळेंत मिसळतात.

राळेस मिळालेला हा लाभ सर्वच्या सर्व पंखांत उतरतो असें मात्र नाहीं. तंतूंच्या दाटींत राळेचे थर फार पातळ असतात. तेथें तिला ताणले जाण्यास जागाच अपुरी पडते. म्हणून चिवट राळ वापरली तरी पंखाची तपासणी टळत नाहीं. कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी आंत सोडून सुटलेल्या थरांचा शोध घ्यावाच लागतो. पाना पडल्याचें कामगारानें तत्काळ कळविणें हेंहि तितकेंच आवश्यक असतें. कारण राळ चिवट झाल्यानें इजेचा विस्तार कमी होईल, पण झालेली इजा ती आपण होऊन दाखविणार नाहीं.