इसार देण्यापूर्वी मातीची पारख

भंडारा जिल्ह्यात जमीन खरेदी करताना सात-बारा आणि फेरफार आपण दक्षतेने पाहतो. तथापि कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी अशी जिची प्रतवारी आपल्या पूर्वजांनी केली आणि जमाबंदीच्या दप्तरांनीही ती ग्राह्य मानली, त्या मातीची चौकशी क्वचितच करतो. काळी, चिकण कन्हार ओल धरते म्हणून गहू-जवसास उपकारक खरी. परंतु तीच पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरील भिंतींना तडे पाडते. वालुकामय सिहार बांधीतील धानास मानवते, तर मुरमाड बर्डीत बागेसाठी खोल खड्ड्यांत गाळमाती व शेणखत भरावे लागते. यास्तव इसार देण्यापूर्वी खड्डा खणून थर अवश्य पाहावेत, आणि शेतातील निरनिराळ्या जागांची वीतभर खोलीची माती मिसळून अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.