यादीबाहेरची नावे



मी चौथीत असताना वैशाखातल्या वादळात आमच्या गावच्या प्राथमिक शाळेची कौलं उडाली. गावानं वर्गणी काढली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर देणगीदारांची यादी कर्ण्यावरून वाचली गेली, मोठ्या आकड्यापासून खाली. माझे वडील खलाशी. खिशात पैसे नव्हते, म्हणून त्यांनी दोन दिवस छपरावर चढून शाकारणी केली होती. त्यांचं नाव आलं नाही. घरी येईपर्यंत अम्मा एक शब्द बोलली नाही.

पुढं महर्षी अण्णासाहेब कर्व्यांविषयी वाचलं. आपल्याच जिल्ह्याचे, मुरूडचे. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तिथं शाळा सुरू करायची. त्यासाठी हा म्हातारा पुण्यात दारोदार पायी हिंडला. एवढ्या वयात! लहानशी रक्कमही त्यानं मानानं घेतली.

गेल्या वर्षी एका शाळेनं संमेलनात मला देणगीदारांची यादी वाचायला बोलावलं. (कवीचा आवाज फुकट मिळतो.) मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, मांडव कुणी घातला? खाऊ कुणी रांधला? अशी यादी नव्हतीच. मग शिपाईमामांबरोबर व्हरांड्यात बसून तेवीस नावं लिहिली आणि तीच आधी वाचली. पाच हजार देणारे एक गृहस्थ मध्येच उठून गेले. यंदा त्यांची देणगी येईल का, ही काळजी बाईंना आहे. खरं सांगायचं तर मलाही आहे. शाळेच्या भिंतीला ओल आली आहे.