‘टायरच फुटला, त्याला कोण काय करणार?’

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या कायदा-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या भाषणाला जे नाव दिलं आहे ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मयताला आलेले पाहुणे ते म्हणतात, गाडीमालक म्हणतो, कधी हवालदारही म्हणतो. म्हणताना आवाजात सहानुभूती असते. पण जिचा नवरा गेला, किंवा जी स्वतः पाय मोडून खाटेवर पडली आहे, तिचा नुकसानभरपाईचा हक्क त्या एका वाक्याने अर्धा बुडालेला असतो. टायर फुटणं म्हणजे नशीब, आणि नशिबावर दावा कोण लावणार?

तर पहिली गोष्ट ही की टायर फुटणं म्हणजे नशीब नव्हे. हे मी पदरचं सांगत नाही. 2010 साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि आतला 38 वर्षांचा कर्ता माणूस मेला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपये देण्याचा निकाल दिला. विमा कंपनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, ही दैवी घटना आहे, यात चालकाचा दोष नाही. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. दैवी घटना म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरचा निसर्गाचा कोप. टायर फुटतो तो बेफाम वेगामुळे, हवा कमी किंवा जास्त असल्यामुळे, जुना वापरलेला टायर घातल्यामुळे, तापल्यामुळे. आणि निघण्यापूर्वी टायर बघणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटली आणि 25 माणसं गेली. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने पाहणी केली, तर तिथे ना रबराचे तुकडे, ना टायर फुटल्याच्या खुणा. म्हणजे ‘टायर फुटला’ हे कधी खरं कारण असतं, तर कधी झोप, वेग किंवा दारू यांच्यावर घातलेलं पांघरूण असतं. यातलं काय खरं, ते टायरच सांगू शकतो.

म्हणून माझं सांगणं असतं, टायर सोडू नका. आपल्याकडे अपघातानंतर पहिली धावपळ दवाखान्याची आणि दुसरी मयताची, ते बरोबरच आहे. पण तेवढ्यात गाडी क्रेनने हलते, गॅरेजला जाते आणि फाटलेला टायर भंगारात जातो. एका गावात कांदा लागवडीला निघालेल्या बायकांची पिकअप उलटली, त्या प्रकरणात मी आठ दिवसांनी पोचले. पंचनाम्यात टायरबद्दल एकच ओळ होती: ‘मागील डावा टायर फुटलेला.’ टायर कुठे आहे, विचारलं तर मालक म्हणाला, ‘ताई, फुटक्या टायरचं काय लोणचं घालायचं?’ त्या टायरची नक्षी पार गेली होती, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं. एकीने तर मुकादमाला तसं बोलूनही दाखवलं होतं. पण बायकांचे जबाब घेतले होते ते ‘मी मागे बसले होते, मला काही कळलं नाही’ एवढेच. पुन्हा जबाब नोंदवून घ्यायला आम्हाला तीनदा पोलीस ठाण्यात जावं लागलं.

टायर वाचायला शाळा लागत नाही. त्याच्या कडेला चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनवलेला. चारचाकीच्या टायरची नक्षी दीड मिलीमीटरच्या जरा वर, नेमकं 1.6, इतकी तरी खोल हवी असा नियम आहे. त्याखाली गेलेला टायर रस्त्यावर आणणं हीच बेपर्वाई. रिमोल्डचा होता का, एकाच बाजूने घासला होता का, गाडीत माणसं किती कोंबली होती, हे सगळं पंचनाम्यात यायला हवं. फोन आता घरोघर आहेत. चारही टायरांचे आणि त्या आकड्यांचे फोटो कोणीही काढून ठेवू शकतं.

आता पिकअपमधल्या बायकांचा खरा पेच. मालाच्या गाडीत बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी घेत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असेल तर त्याचं संरक्षण आहे. पण मजुरीला नेलेल्या, लग्नाला नेलेल्या बाया त्यात बसत नाहीत, असाच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा रोख आहे. मग राहतो गाडीमालक, आणि तो हात वर करतो. कधी कधी ‘कंपनीने आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं’ असा हुकूम होतो, पण त्याची खात्री धरू नका. ट्रॉलीत आणि टेम्पोत बायकाच का भरल्या जातात, हा प्रश्न मी इथे नुसता विचारून ठेवते. त्यावर एक वेगळं शिबिर होईल.

टायरचा मुद्दा जिंकला तरी दुसरं वाक्य वाट बघत असतं: ‘मयत बाई काही कमवत नव्हती.’ 1994 साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात घरकाम करणाऱ्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश धरलं होतं. म्हणजे गरिबाची बायको मेली तर तिचे कष्टही स्वस्त! 2001 साली, जमशेदपूरच्या 1989 च्या आगीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली. 2010 सालच्या प्रकरणात तर न्यायाधिकरणाने आधी सहा लाखांचा हिशेब केला होता आणि मग बाई प्रत्यक्षात कमवत नव्हती म्हणून तो अडीच लाखांवर आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने सहा लाख पुन्हा दिले. त्याच निकालात न्यायमूर्तींनी दाखवून दिलं की 2001 च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं आहे. 2021 साली याच न्यायालयाने सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरच्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं देते, पुरुष 97.

तेव्हा अर्जात ‘घरकाम’ असं लिहून मोकळं होऊ नका. पाणी किती लांबून आणत होती, म्हशी किती, सासूचं अंथरुणातलं कोण करायचं, शिलाई, पापड, दुसऱ्याच्या शेतावरची रोजंदारी, सगळं लिहा. बाई वाचली पण अधू झाली, तरी हीच यादी लागते, कारण ती कामं आता कोणाला तरी पैसे देऊन करून घ्यावी लागतात.

मुदतीचं थोडक्यात. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायचा नियम आहे. त्यावर न्यायालयात वाद चालू झाले आहेत, पण आपण त्या वादाच्या भरवशावर बसायचं नाही. दावा अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असं नाही, बाई राहते तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. कोणाचा दोष ते सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागायची वाट कलम 164 मध्ये आहे. ज्यांच्याकडे पुरावा उरला नाही त्यांनी तिचा विचार करावा. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. मोफत कायदेशीर मदत बाईला तिची मिळकत न बघता मिळते, 1987 च्या कायद्याने. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. टक्क्यावर काम घेणारे वकील दवाखान्याच्या दारात भेटतात, त्यांच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

लोकअदालतीत जायला हरकत नाही, पण तिथे सही केली की अपील नाही, हे बाईला आधी समजावून सांगा. दीर आणि सासरे ‘मिटवून टाकू’ म्हणतात तेव्हा चेक कोणाच्या नावाने निघणार ते विचारा. आणि विधवेने पुन्हा लग्न केलं तरी तिचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केलं आहे. हे सासरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, असा माझा अनुभव आहे.

आता चहा घ्या. नंतर तीन-तीन जणींचे गट करू. बाहेर आवारात जीप उभी आहे. प्रत्येक गटाने तिच्या चारही टायरांचे आणि स्टेपनीचे आकडे लिहून आणायचे आणि त्यावरून पंचनाम्याचा नमुना तयार करायचा. ड्रायव्हरदादांना मी सांगून ठेवलं आहे, ते रागावणार नाहीत.