चाकाचा सांधा

पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास उतरणारी मोटार प्रत्येक वळणावर ज्या सांध्यावर विसंबते, तो तिच्या मालकाने बहुधा पाहिलेलाही नसतो. या सांध्यास बॉल जॉइंट म्हणतात. मनुष्याच्या खुब्याप्रमाणे येथेही वाटीत गोळा फिरतो. तो पोलादी असतो, भोवती ग्रीस असते आणि त्यावर रबरी बूट असतो. बूट फाटला की चिखलपाणी आत शिरते व गोळा झिजू लागतो. मग खड्ड्यात खटखट ऐकू येते, टायर एका कडेने झिजतो. गोळा वाटीतून निसटलाच, तर चाक आडवे होऊन गाडीवरील ताबा सुटतो.

परीक्षा सोपी आहे. गाडी जॅकने उचलून तिला भक्कम आधार द्यावा. एकाने चाक वरखाली धरून हलवावे, दुसऱ्याने सांधा न्याहाळावा. तो सैल दिसल्यास ग्रीस भरून भागत नाही. तो बदलावाच लागतो. नवा सांधा बसविताना नट ठरावीक जोराने आवळावा. कॉटर पिनेचे भोक न जुळल्यास नट किंचित अधिक आवळावा, सैल कधीही करू नये. पिन नवीच घालावी आणि अखेरीस चाकांची अलाइनमेंट तपासावी.

सांधा निखळण्यापूर्वी बहुधा खटखटून सूचना देतो. ती घाट चढण्यापूर्वीच ऐकण्यात शहाणपण आहे.