शेपूचा वास घालवू नका

शेपूची जुडी दिसली की घरोघरी नाकं मुरडली जातात. मुलं खात नाहीत म्हणून आणायची नाही, आणलीच तर वास जावा म्हणून उकळून पाणी मोरीत ओतायचं. अहो, ज्या वासाला नाक मुरडता, त्या वासातच शेपूचा खरा गुण आहे! तो वास म्हणजे पानातलं तेल. ते वाफेबरोबर उडून जातं. मग कढईत उरतो तो चोथा.

शेपू म्हणजे घरातली फटकळ आत्या. ती आल्याचं दारातूनच कळतं, आणि एरवी सगळे तिला टाळतात. पण घरात बाळंतीण असली की पहिलं बोलावणं आत्यालाच! बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी. ओवा, तीळ, सुकं खोबरं यांच्याबरोबर भाजून जेवणानंतर बाळंतिणीला चावायला देतात. वात सरतो, अन्न पचतं; दूधही वाढतं, असं जुन्या बायका सांगतात. आत्याचा मान विलायतेतही होता. 1851 साली विल्यम वुडवर्ड यांनी बाळांसाठी ग्राइप वॉटर काढलं, त्यात शेपूच्याच बियांचं तेल होतं. आपल्या तान्ह्याला मात्र पहिले 6 महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका. शोपा आईनं खायच्या.

आणि बाळंतशोपा म्हणून बडीशेप आणू नका. बाळंतशोपांचा दाणा चपटा, तपकिरी, कडेला फिकट किनार असलेला. चावला की तिखट-कडसर लागतो. बडीशेप फुगीर, हिरवट आणि गोड.

आता भाजी. जाड देठ काढा, कोवळे राहू द्या. तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ द्या, हिरवी मिरची घाला, भिजवलेली मूगडाळ वाफवून घ्या. शेपू सगळ्यात शेवटी! वर झाकण, दोन वाफा, की उतरवा. पुन्हा सांगते, उकळून पाणी फेकू नका. आत्याला घरात घेऊन तिचं तोंड बांधायचं, तर बोलावलं कशाला?

ज्वारीच्या पिठात शेपू मळून वाफवलेली फळं, वर कच्चं तेल, त्यांचं सांगायचं होतं, पण वेळ संपत आला. मुलांना भाजीत आधी डाळ जास्त, शेपू थोडा असं द्या. प्रमाण हळूहळू वाढवा. जिभेला वळण लहानपणीच लागतं.