चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?

गटाची मासिक बैठक असो की केळीचा बांध, आम्हां संयोजिकांच्या कानावर एक तक्रार हमखास येते, "ताई, चक्कर येते." मग औषध सांगायला सगळ्या पुढे. कोणी म्हणते पित्त, कोणी म्हणते अशक्तपणा, कोणी नजर उतरवायला मिरच्या घेऊन उभी. नव्या सुनेला चक्कर आली तर सासूबाई थेट गोड बातमीच्या तयारीला लागतात! आज आपण अशा कारणाबद्दल बोलू, ज्याचं नाव सहसा कोणी घेत नाही. ते कारण म्हणजे आपला कान.

आखाजीला माहेरी येऊन झोके घेणाऱ्या, फुगडी घालणाऱ्या बाईला हे नवं नाही. फुगडी थांबते, पाय जमिनीवर असतात, तरी अंगण फिरतच राहतं. का? घरी करून बघा. पातेल्यात पाणी घ्या, वर चिमूटभर हळद टाका आणि पातेलं जागच्या जागी गोल फिरवा. आधी पातेलं फिरतं, पाणी मागे राहतं. थोडा वेळ फिरवून एकदम थांबवा, पातेलं थांबेल, पण हळद फिरतच राहील. कानाच्या पडद्याच्या खूप आत, हाडामध्ये, अशाच बारीक अर्धगोल नळ्या आहेत. प्रत्येक कानात तीन, तीन वेगळ्या दिशांना. त्यांत पाणी भरलेलं असतं. मान वळली की ते पाणी मागे राहतं, तिथले केसासारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो की डोकं अमुक बाजूला वळलं.

मेंदू एकट्या कानावर विसंबत नाही. डोळ्यांना विचारतो, पायांच्या तळव्यांना विचारतो. तिघांचं जुळलं तर डोक्यावर हंडा घेऊनही आपण सरळ चालतो. जुळलं नाही की गरगरतं. भुसावळच्या एसटीत मोबाइलमध्ये डोकं घातलं की मळमळतं ते याचमुळे. डोळे म्हणतात बसलोय, कान म्हणतो हललो. तेव्हा मोबाइल पिशवीत ठेवावा आणि समोरच्या काचेतून लांब रस्त्याकडे बघावं.

कानाचं हे काम नीट उलगडणाऱ्यांत व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी होते. कान धुताना पाणी फार थंड असलं तर रोग्याला चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके देतात, पाणी गरम असलं तर उलट्या बाजूला, हे त्यांनी पाहिलं. त्यातून कान तपासायची रीतच तयार झाली. १९१४ सालचं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता आमच्या एका गटातल्या बाईंचं सांगतो. वय साठीच्या आसपास. पहाटे कुशीवर वळल्या की घर फिरायचं आणि अर्ध्या मिनिटात थांबायचं. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तेच. मजुरी सुटली, कर्जाचे दोन हप्ते थकले. सलाइन झालं, मानेला पट्टा झाला, भगताकडे जाणंही झालं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना पलंगावर झटकन आडवं केलं आणि फक्त डोळे पाहिले. नळ्यांच्या शेजारी एक छोटी पिशवी असते, तिच्यात चुनखडीच्या जातीचे अगदी बारीक कण चिकटलेले असतात. ते सुटून नळीत घसरले होते. डॉक्टरांनी ठरावीक क्रमाने मान वळवली, कुशीवर केलं, उठवून बसवलं, की कण नळीतून बाहेर. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. ही रीत अमेरिकेतल्या जॉन एपली या डॉक्टरांची. १९८० साली त्यांनी ती मांडली, तेव्हा इतर डॉक्टर विश्वास ठेवायला तयार नव्हते, इतकी ती सोपी!

पन्नाशीनंतर, डोक्याला मार लागल्यावर, बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर हे कण सुटतात, आणि पुरुषांपेक्षा बायांना हा त्रास जास्त होतो. पुन्हाही होऊ शकतो, तेव्हा परत तेच करायचं. पण मोबाइलवर बघून घरी एकमेकींच्या माना वळवू नका. कोणता कान, कोणती नळी, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं "चक्कर येते" म्हणू नका. घर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? अंधारी येत असेल तर रक्त कमी असणं, उपवास, वैशाखातलं ऊन, बीपीच्या गोळ्या अशी कारणं असू शकतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या. घर फिरत असेल तर किती वेळ फिरतं, कुशीवर वळल्यावर का, ऐकू कमी येतं का, कानात आवाज येतो का, कान वाहतो का, हे सगळं सांगा. चकरेच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. त्यांनी मेंदू सुस्तावतो आणि तोल सावरायला उशीर लागतो. कानात गरम तेल, पिन, काडी तर नकोच.

चकरेबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर तो कान नव्हे, मेंदूचा झटका असू शकतो. चप्पल-कांदा हुंगवत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

आणि ज्यांना सध्या गरगरतंय त्यांनी काही दिवस विहिरीवर, माळ्यावर, शिडीवर जाऊ नये. उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसावं. रात्री मोरीपर्यंतच्या वाटेवर एक दिवा लावून ठेवावा, कारण अंधारात डोळ्यांची साक्ष मिळत नाही आणि सगळा भार बिघडलेल्या कानावर पडतो.