सायकलचे दुकान कसे असावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आहार, आरोग्य, बालसंगोपन किंवा एखाद्या संताचे चरित्र, अशी आपली सवय. त्यामुळे पत्रिकेत 'सायकलचे दुकान' हा विषय वाचून काही जणींना हसू आले असेल. तो पुरुषांचा प्रांत, आपला त्याच्याशी काय संबंध, असेही वाटले असेल. परंतु आज चित्र पालटले आहे. घरोघरची पुरुषमंडळी मोटारसायकलवर बसली. सायकल उरली ती मुख्यतः शाळेच्या मुलांकडे, आणि त्यातही वाडीवस्तीवरून मोठ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलींकडे. तेव्हा हा विषय आपल्याच घरचा आहे.

राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम चालतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. या कार्यक्रमातून ८ वी ते १२ वीत शिकणाऱ्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. सायकलीने काय साधते, हे बिहारने दाखवून दिले आहे. तेथे २००६ साली ९ वीत जाणाऱ्या मुलींसाठी अशीच योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत वेळच्या वयात नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून ३ किलोमीटर व त्याहून दूर असलेल्या गावांत झाली, असे त्यांना आढळले.

पण भगिनींनो, सरकार सायकल एकदा देते. ती चालू ठेवायची कोणी? पंक्चर झालेली सायकल आठ दिवस भिंतीला टेकून उभी राहिली, की मुलीची शाळा आठ दिवस बुडते. मग घरात कोणीतरी म्हणते, "नाहीतरी आता मोठी झाली, राहू दे घरीच." असे शिक्षण थांबण्याला पुष्कळदा मोठे कारण लागत नाही, बाभळीचा एक काटा पुरतो. म्हणूनच मला वाटते, सायकलच्या दुकानाची खरी परीक्षा सायकल विकताना होत नाही, ती बिघडल्यावर होते. ही परीक्षा आपण कशी घ्यावी, एवढेच आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट जोडणीची. सायकल कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते, असा आपला समज असतो. वास्तविक लुधियाना वगैरे ठिकाणांहून बहुतेक सायकली सुट्या भागांत येतात आणि दुकानात मिस्त्री त्या जोडतो. म्हणजे सायकल अर्धी कारखान्याची आणि अर्धी मिस्त्रीची. नवी सायकल घेताना मागचे चाक उचलून फिरवून पाहावे. रिम दोन्ही ब्रेकच्या रबरांमधून सारख्या अंतराने गेली पाहिजे. ती डावी-उजवीकडे डुलत असेल, तर तारा नीट ताणलेल्या नाहीत, चाकाचा 'आउट' काढायचा राहिला आहे. सीटवर बसल्यावर शिकाऊ मुलीचे दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. 'पुढे वाढेल' म्हणून परकराला आपण दोन टिपा आत घेऊन ठेवतो, तशी सायकल वाढत्या मापाची घेता येत नाही. मोठ्या सायकलवर मुलगी घाबरते आणि पडते. चांगला दुकानदार हे आपणहून सांगतो. "महिन्याने आणून दाखवा," असेही सांगतो. कारण नव्या चाकाच्या तारा आणि ब्रेकच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात.

दुसरी गोष्ट पंक्चरची. मिस्त्री कसा आहे, हे पंक्चर काढताना कळते. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टोपल्यात बुडवून फिरवायची, बुडबुडे निघतील तेथे खूण करायची, जागा कोरडी करून घासायची, सोल्युशन लावून ते थोडे सुकू द्यायचे आणि मग ठिगळ दाबायचे. हे सारेच करतात. परंतु चांगला मिस्त्री आणखी दोन गोष्टी करतो. ठिगळ लावल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात फिरवतो, कारण भोके दोन असू शकतात. आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधतो. आपल्या भागात बाभूळ आणि सराटे यांना तोटा नाही. काटा बाहेरून मोडतो आणि टोक आत राहते. ते काढले नाही, तर मुलगी पुढच्या ओढ्यापर्यंतही पोचत नाही. जो मिस्त्री काढलेला काटा तळहातावर ठेवून दाखवतो, त्याच्याकडे खुशाल पुन्हा जावे.

तिसरी गोष्ट दराची. काम सुरू करण्यापूर्वी काय करणार आणि किती पैसे लागतील, हे सांगावे. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. चेन सैल झाली, तर पुष्कळदा मागचे चाक थोडे मागे सरकवून काम भागते, नवी चेन लागत नाही. ब्रेक लागत नसेल, तर रबर झिजले आहे की नुसती तार सैल आहे, हे पाहून सांगणारा दुकानदार आपला. स्वस्त भाग आणि टिकाऊ भाग दोन्ही समोर ठेवून फरक सांगणारा त्याहून चांगला. नव्या सायकलीची पक्की पावती तर मागितलीच पाहिजे. योजनेच्या मुलींना ती शाळेत दाखवावी लागते.

चौथी गोष्ट वेळेची. दुकान शाळेच्या वेळेआधी उघडावे. दुकानासमोर हवेचा पंप सर्वांना वापरता यावा. "संध्याकाळी देतो" म्हटले, तर संध्याकाळी द्यावी. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये अशी बसते, की सायकल ढकलणेही कठीण होते. अशा दिवसांत शाळकरी मुलांचे काम आधी हातात घेणारा मिस्त्री गावाची सेवाच करतो. गाळपाच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. तेव्हा मागे लाल परावर्तक लावून देण्याची आठवण त्यानेच करावी.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुकानात मुलगी एकटी गेली, तर तिला संकोच वाटू नये. पूर्वी दुकानातून तासाच्या भाड्याने सायकली मिळत. मुलगे दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारीत शिकले. मुली दारातून पाहत राहिल्या. दुकानाच्या फळीवर रिकामटेकड्यांचा अड्डा असेल, तर मुलगी तेथे पाऊल टाकणार नाही, तीन किलोमीटर सायकल ढकलत नेईल. ज्या दुकानदाराला आपण मामा म्हणतो किंवा चाचा म्हणतो, त्याने त्या नात्याला जागून एवढा अड्डा हलवावा. आणि "तुला काय कळते" असे न म्हणता, चेन कशी चढवावी, तेल कोठे सोडावे, हे तिला दाखवावे.

शिकवणारे दुकान ही काही नवी कल्पना नाही. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत शिकवीत असत. ते तिकडून सायकली पाठवीत. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. पुढे त्याच घराण्याने १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. आपल्या आया-आज्यांनी वाचलेले 'स्त्री' मासिक १९३० साली तेथूनच निघाले. एवढ्या मोठ्या कारखानदारीचे मूळ गिऱ्हाइकाला शिकवणाऱ्या एका लहान दुकानात होते, हे विसरू नये.

स्त्रियांना कोणी शिकवले म्हणजे काय होते, हेही पाहा. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षराबरोबर सायकलही शिकवायची असे ठरवले. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या बायका हजारोंनी सायकलवर बसल्या. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते, म्हणून कित्येकींना त्याच आवडल्या.

आता आपली बाजू. चांगले दुकान हवे, तर चांगले गिऱ्हाईकही हवे. पंक्चरच्या चार पैशांवर घासाघीस करायची आणि उधारी महिनोन्‌महिने ठेवायची, असे केले तर मिस्त्री उद्या दुकानाला कुलूप लावून पुण्याला जाईल. मग ट्यूबसाठीही तालुक्याला जावे लागेल. त्याच्या हातकामाचे मोल रोख द्यावे.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, गावच्या मिस्त्रींना मंडळाच्या अंगणात बोलवावे. आपल्या मुलींच्या सर्व सायकली तपासून घ्याव्यात, आणि त्यांची मजुरी मंडळाच्या निधीतून द्यावी. त्याच दिवशी मुलींनी आणि आयांनीही हवा भरणे, चेन चढवणे, ब्रेक पाहणे शिकून घ्यावे. त्यांच्या सामानाच्या पेटीभोवती एकदा सगळ्यांची बैठक झाली, की पुढे एकटीने दुकानात जायला कोणी मुलगी लाजणार नाही.

हळदीकुंकवाला आपण वाण देतो. या वर्षी कोणी सोल्युशनची नळी आणि ठिगळे वाण म्हणून दिली, तर मी तरी ती आनंदाने घेईन.